वुडपिजन आणि उपद्रवी पक्षी-प्राण्यांसाठी सेमी-ऑटो शॉटगन कशी निवडावी

सेमी-ऑटो शॉटगन (दर बारानंतर रिकामं काडतूस आपोआप फेकून नवं आत घेणारी छऱ्यांची बंदूक) घेताना माणसं चुकतात ती बहुतेक क्रमात. आधी दुकानात जाऊन बंदूक पसंत करतात, पैसे भरतात आणि मग काडतुसं शोधायला लागतात. शेतकरी सांगतो, माझ्या रानात मेंढ्या चरतात, प्लास्टिकचा वॉड (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असणारं बूच) चालणार नाही. फायबर वॉडचं हलकं काडतूस आणावं, तर ते या बंदुकीत दर चौथ्या-पाचव्या बाराला अडकतं. बंदूक चांगली असते, काडतूसही चांगलं असतं, पण दोघांचं जमत नाही. म्हणून पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. ब्रँडचा विचार बराच खाली येतो, आणि तो तिथेच यायला हवा.

इथलं सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडचे शस्त्रनियम वेगळे आहेत. भारतात तर शस्त्र कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांची चौकट पूर्णपणे निराळी आहे. सुट्टीत गावी गेल्यावर यातलं काहीही तिथे वापरायला जाऊ नका.

## टप्पा १: काम कोणतं, ते कागदावर लिहा

‘कबुतरं मारायची आहेत’ एवढ्याने भागत नाही. पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

- पीक कोणतं? हिवाळ्यातलं ऑइलसीड रेप (मोहरीसारखं तेलबियांचं पीक), वाटाणा, नुकतीच पेरणी झालेलं शेत की आडवा पडलेला गहू किंवा बार्ली?
- नकली कबुतरं मांडून लपणातून मारायचं आहे, की संध्याकाळी झाडांवर मुक्कामाला येणाऱ्या थव्यांवर?
- वुडपिजन म्हणजे मोठ्या रानकबुतराशिवाय आणखी काय? कावळे, मॅगपाय, ससे, करड्या खारी, कोल्हे?
- रानात जनावरं चरतात का? पाणथळ जागा आहे का?
- लपणात तुम्ही एकटे असणार की दोघं?

प्रत्येक उत्तराने बंदूक बदलते. डिकॉयवर, म्हणजे मांडलेल्या नकली कबुतरांवर, उतरणारं कबूतर बहुधा २० ते ३५ यार्डांत असतं. त्याला हलकं काडतूस आणि उघडा चोक पुरतो (चोक म्हणजे नळीच्या तोंडाची अरुंदी; ती जितकी आवळ, तितके छर्रे कमी पसरतात). मुक्कामाला येणारे पक्षी उंचावरून येतात, तिथे थोडा आवळ चोक लागतो. कोल्ह्यासाठी जड काडतूस लागतं आणि अंतर ३० यार्डांच्या आत ठेवावं लागतं. कोल्हा वर्षातून एखाद-दुसरा आणि कबुतरं शेकड्यांनी असतील, तर बंदूक कबुतरांसाठी घ्या.

आता कायद्याची बाजू. वुडपिजन हा ‘कधीही मारा’ असा पक्षी नाही. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टखाली सगळ्याच रानपक्ष्यांना संरक्षण आहे. पिकांचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी जनरल लायसन्सच्या अटींत राहूनच वुडपिजन मारता येतो. इंग्लंडमध्ये त्यासाठी जीएल४२ हे लायसन्स आहे. वेल्समध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नेचरस्कॉट आपापली लायसन्स काढतात. ते मिळवायला अर्ज करावा लागत नाही, पण त्यातली प्रत्येक अट तुमच्यावर बंधनकारक असते. पक्षी हुसकावण्याचे इतर उपाय करणं हीसुद्धा त्यातली अट आहे. अटी बदलत राहतात, त्यामुळे दर वर्षी लायसन्स नव्याने वाचा. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या.

सावधान: स्टॉक डव्ह हा पक्षी वुडपिजनसारखाच दिसतो, पण तो जनरल लायसन्सच्या यादीत नाही. तो आकाराने लहान असतो आणि त्याच्या मानेवर व पंखांवर पांढरे पट्टे नसतात. पांढरा पट्टा स्पष्ट दिसला नाही, तर बार टाकू नका.

## टप्पा २: तुमच्या परवान्यात कोणती बंदूक बसते?

सेमी-ऑटोच्या बाबतीत सगळा प्रश्न मॅगझिनचा, म्हणजे बंदुकीत जादा काडतुसं साठवणाऱ्या भागाचा आहे. साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर बसणाऱ्या बंदुकीची नळी किमान २४ इंच असावी लागते. तिचं मॅगझिन वेगळं काढता येणारं नसावं आणि त्यात दोनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत. चेंबरमधलं (नळीच्या मुळाशी, उडायला तयार असलेलं) एक धरून तीन. बोलताना सगळे याला ‘टू प्लस वन’ म्हणतात.

अशी बंदूक शस्त्रकायद्याच्या सेक्शन २ मध्ये येते; यापेक्षा मोठ्या मॅगझिनची सेक्शन १ मध्ये जाते. तिच्यासाठी फायरआर्म सर्टिफिकेट लागतं आणि ती का हवी याचं सबळ कारण पोलिसांना पटवावं लागतं. मोठ्या क्षेत्रावर पीक राखण्याचं नियमित काम करणाऱ्यांना ते पटवता येतं. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कबुतरांच्या कामाला तीन बार पुरतात. तिसऱ्या बारापर्यंत पक्षी इतका लांब गेलेला असतो की तो मरण्यापेक्षा जखमी होण्याचीच शक्यता जास्त. चौथ्या-पाचव्या बाराने त्यात काही सुधारत नाही.

तपासा: जुन्या बंदुकीचं मोठं मॅगझिन नंतर दोनवर आणलेलं असेल, तर मॅगझिनवर मान्यताप्राप्त खूण आणि प्रूफ हाउसचं (बंदुका तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचं) लेखी प्रमाणपत्र हवंच. आत नुसती लाकडी किंवा प्लास्टिकची दांडी घातली म्हणून बंदूक सेक्शन २ मध्ये येत नाही. विकणारा ‘दांडी आहे ना’ म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा.

सावधान: सेमी-ऑटोची नळी २४ इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी ४० इंचांपेक्षा कमी असेल, तर ती प्रतिबंधित शस्त्रांत मोडते. म्हणून दस्ता किंवा नळी स्वतःच्या हाताने कापण्याचा विचारही मनात आणू नका.

सर्टिफिकेट हातात येण्याआधी बंदुकीची आगाऊ रक्कम भरू नका. डॉक्टरांकडची वैद्यकीय माहिती लागते, पोलीस घरची कपाटाची जागा बघायला येतात, आणि यात किती वेळ जाईल ते भागाभागावर अवलंबून असतं. कपाट बीएस ७५५८ या ब्रिटिश मानकाप्रमाणे प्रमाणित घ्या. ते विटांच्या भिंतीला बोल्टने पक्कं बसवा आणि किल्ली कुठे असते ते घरातल्या दुसऱ्या कुणालाही कळू देऊ नका.

## टप्पा ३: आधी काडतूस ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

शेतकऱ्याला विचारा: फायबर वॉड की प्लास्टिक? जनावरं चरत असतील तर उत्तर फायबरच येईल. मग कबुतरांसाठी १२ बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) २८ ते ३२ ग्रॅमचं, सहा नंबरच्या शिशाच्या छऱ्यांचं काडतूस हा रुळलेला पर्याय आहे. सशालाही ते चालतं. कोल्ह्यासाठी वेगळं, ३६ ग्रॅम किंवा त्याहून जड आणि बीबीसारख्या मोठ्या छऱ्यांचं काडतूस लागतं.

पण शिशाचे दिवस मोजके उरले आहेत. पाणपक्ष्यांसाठी आणि ठरावीक पाणथळ जागी शिसं आधीपासूनच बंद आहे. इंग्लंडमध्ये हे नियम १९९९ चे आहेत. त्यात जुलै २०२५ मध्ये सरकारने ग्रेट ब्रिटनमध्ये शिकारीच्या शिशाच्या काडतुसांवर एकूणच बंधन आणण्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी तीन वर्षांचा बदलाचा काळ दिला. आज घेतलेली बंदूक तुम्ही पंधरा-वीस वर्षं वापरणार. त्यामुळे ती स्टीलच्या छऱ्यांना चालते का, हे आजच बघा. जास्त दाबाच्या स्टील काडतुसांसाठी प्रूफ केलेल्या नळीवर फ्लर-द-ली म्हणजे लिलीच्या फुलाची खूण असते. स्टील शिशापेक्षा हलकं असल्याने छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्यायचा, म्हणजे शिशाच्या सहाऐवजी स्टीलचा चार. चोक हाफपेक्षा (मध्यम आवळ) जास्त आवळ ठेवायचा नाही.

तपासा: या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे एका काडतुसाचं पूर्ण नाव हवं: वजन, छऱ्याचा नंबर, वॉडचा प्रकार आणि लांबी. त्याची एक पेटी विकत घ्या आणि बंदूक बघायला जाताना सोबत न्या.

## टप्पा ४: गॅस की इनर्शिया

सेमी-ऑटोमध्ये रिकामं काडतूस बाहेर फेकून नवं आत घेण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत नळीला बारीक छिद्रं असतात. बार झाला की थोडा वायू त्यातून खाली उतरतो आणि पिस्टनला ढकलतो. पिस्टन बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे नेतो. यात खांद्याला बसणारा धक्का पसरट आणि मऊ होतो. दिवसात शे-दीडशे बार टाकायचे असतील, तर हा फरक संध्याकाळी खांदा सांगतो. बेरेटाची ए३०० आणि ए४००, ब्राउनिंगची मॅक्सस, विंचेस्टरची एसएक्स४ या सगळ्या गॅसवर चालतात. किंमत काय मोजावी लागते? काजळी. पिस्टन, सिलिंडर आणि छिद्रं साफ केली नाहीत, तर बंदूक आधी मंदावते आणि मग अडायला लागते.

इनर्शिया प्रकारात वायूचा संबंध नाही. बोल्टच्या आत एक कडक स्प्रिंग असते. बार झाला की सगळी बंदूक मागे येते, बोल्टचा जड भाग मात्र क्षणभर जागेवर राहतो आणि स्प्रिंग दाबली जाते. ती उसळली की बोल्ट मागे जातो. बेनेलीने ही पद्धत गाजवली. फ्रँकी अफिनिटी आणि स्टोएगर एम३००० ही त्याच घराण्यातली स्वस्त भावंडं. आतली यंत्रणा स्वच्छ राहते, बंदूक हलकी असते, चिखल-पावसात कुरकुर करत नाही. धक्का मात्र जास्त बसतो. शिवाय बंदुकीला मागे यायला पक्का खांदा लागतो. सैल धरली, बसल्या-बसल्या वाकड्या अंगाने बार टाकला किंवा बंदुकीवर जड टॉर्च, काडतुसांचा पट्टा असं काही लटकवलं, की हलक्या काडतुसांवर ती अडू शकते.

मग कोणती घ्यावी? बारीक अंगकाठीच्या माणसाला, खांद्याचा त्रास असलेल्याला आणि एका जागी बसून खूप बार टाकणाऱ्याला मी गॅसचीच सांगेन. कुंपणं ओलांडत दिवसभर चालायचं आहे आणि बंदूक साफ करायचा कंटाळा आहे, अशांनी इनर्शिया घ्यावी. रात्री कोल्ह्यासाठी बंदुकीवर दिवा लावायचा असेल, तर गॅसकडे झुका.

सावधान: साडेतीन इंची चेंबरची बंदूक ‘सगळं चालतं’ म्हणून विकली जाते. चेंबरमध्ये सगळं बसतं हे खरं, पण २८ ग्रॅमच्या हलक्या काडतुसांवर अशाच बंदुका जास्त नखरे करतात. कबुतरांना साडेतीन इंच कधीच लागत नाही. तीन इंची, म्हणजे ७६ मिलिमीटरचं चेंबर घ्या. कोल्ह्याचं जड काडतूसही त्यात बसतं.

## टप्पा ५: नळी आणि चोक

इथे फार वेळ घालवू नका. सेमी-ऑटोचा रिसीव्हर (नळीमागचा, यंत्रणा असलेला धातूचा भाग) लांब असतो, त्यामुळे त्याच लांबीच्या नळीची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची) बंदूक तिच्यापेक्षा काही इंचांनी आखूड भरते. लपणात लांब नळी जाळ्यात अडकते. २६ किंवा २८ इंच पुरे. चोक बदलता येणारे असावेत. क्वार्टर (हाफपेक्षा उघडा) आणि हाफ एवढे दोनच बहुतेक वर्षभर वापरात राहतात. डिकॉयवर क्वार्टर लावा आणि त्याला हात लावू नका. पक्षी चुकला की चोक बदलण्याची सवय लागते, पण दोष बहुधा चोकचा नसतो.

## टप्पा ६: बंदूक अंगाला बसते का?

नीट न बसणारी महाग बंदूक नीट बसणाऱ्या स्वस्त बंदुकीपुढे हरते. शॉटगनला मागचा साइट (नेम धरायची खाच) नसतो, ते काम तुमचा डोळाच करतो. म्हणून गाल दस्त्यावर जिथे टेकतो तिथे डोळा नेमका नळीच्या रेषेत यायला हवा.

1. आधी वर्चस्वाचा डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो डोळा, ओळखा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूकडे बोट करा, मग एकेक डोळा मिटून बघा. ज्या उघड्या डोळ्याला बोट वस्तूवरच दिसतं, तो तुमचा डोळा. तो खांद्याच्या विरुद्ध बाजूचा निघाला तर खरेदी थांबवा आणि प्रशिक्षकाला भेटा.
2. शेतात जे जाकीट घालणार तेच घालून दुकानात जा. उन्हाळी शर्टावर मापलेला दस्ता जानेवारीच्या जाड कोटावर लांब पडतो आणि काखेत अडकतो.
3. दुकानदाराला विचारून, रिकाम्या बंदुकीने, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीच्या पट्टीचा थोडासा भाग आणि टोकाचा मणी सरळ रेषेत दिसला पाहिजे. फक्त रिसीव्हरचं मागचं टोक दिसलं तर दस्ता खाली आहे. पट्टी खूप दिसली तर वर आहे.
4. हे पाच-सहा वेळा करा. दर वेळी तेच दिसायला हवं.

बहुतेक नव्या सेमी-ऑटोंसोबत शिम म्हणजे पातळ पट्ट्यांचा संच येतो. दस्ता आणि रिसीव्हर यांच्यामध्ये तो बदलून दस्त्याचा उतार आणि बाजूचा कल थोडा हलवता येतो. लांबी मात्र शिमने बदलत नाही. उंची कमी असेल तर आखूड दस्त्याच्या आवृत्त्या किंवा पातळ बट-पॅड मागा. बायकांना आणि बारीक चणीच्या पुरुषांना दुकानात सरसकट पूर्ण लांबीची बंदूक हातात दिली जाते. संकोच न करता दुसरी मागा.

डावखुऱ्यांसाठी: नेहमीच्या सेमी-ऑटोत रिकामं काडतूस उजवीकडे, म्हणजे तुमच्या तोंडासमोरून उडतं. काही कंपन्या खास डावखुरी बंदूक बनवतात, ती शोधा. सेफ्टीचं बटण बहुतेक बंदुकांत उलटं बसवता येतं, ते गनस्मिथकडून करून घ्या.

## टप्पा ७: वापरलेली बंदूक घेत असाल तर

वापरलेली चांगली सेमी-ऑटो हा शहाणा सौदा आहे, पण ती पूर्ण उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. पुढचा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग काढा, नळी काढा.

- नळीच्या आत उजेड धरून गंजाचे खड्डे बघा. बाहेरून बोटं फिरवून फुगवटा आणि खळगे शोधा.
- गॅसच्या बंदुकीत पिस्टनवर ओरखडे, चिरलेल्या सीलच्या रिंगा आणि काजळीने बुजलेली छिद्रं आहेत का ते बघा.
- पुढच्या लाकडी भागाच्या आतल्या बाजूला आणि दस्ता रिसीव्हरला मिळतो तिथे बारीक तडे शोधा.
- बऱ्याच बंदुकांत बोल्टला पुढे आणणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत असते. तिथे पाणी मुरून गंज चढतो आणि ते कुणी बघत नाही. बोल्ट मागे ओढून सोडा; तो जोरात, एका दमात पुढे यायला हवा.
- सराव काडतुसांनी भरून-फेकून बघा. खरी काडतुसं दुकानात कधीही नाहीत.
- प्रूफच्या खुणा वाचा. सुट्या नळीवर त्या वेगळ्या असू शकतात.

शक्य असेल तर दुकानदाराच्या क्ले मैदानावर (जिथे उडत्या चकत्यांवर सराव करतात) स्वतःची पेटी, म्हणजे टप्पा ३ मधलं काडतूस, टाकून बघा आणि मगच पैसे द्या. नाही म्हणाला, तर किमान अडचण आल्यास बदलून देण्याचं लेखी घ्या.

## टप्पा ८: ताबा आणि नोंद

बंदूक प्रत्यक्ष समोरासमोरच हातात घ्यायची असते. विकणारा लांबच्या गावी असेल, तर ती नोंदणीकृत विक्रेत्याकडून तुमच्या जवळच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे येते आणि तुम्ही तिथून उचलता. बंदुकीवरचा अनुक्रमांक आणि सर्टिफिकेटवर लिहिलेला अनुक्रमांक तिथेच जुळवून बघा. व्यवहाराची खबर सात दिवसांच्या आत पोलिसांना द्या. दुकानदार कळवणार असला तरी तुमची जबाबदारी तुमच्याकडेच राहते. विमा नसेल तर शेतात पाऊल टाकण्याआधी घ्या. बीएएससीसारख्या (ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्वेशन) शिकाऱ्यांच्या संघटनेच्या सदस्यत्वात तो मिळतो.

## टप्पा ९: शेतात जाण्याआधी दोन चाचण्या

फिरण्याची चाचणी. मैदानावर तीन-तीन काडतुसं भरून बार टाका. उभे राहून, मग लपणात बसता तसं स्टुलावर बसून. नवी बंदूक सुरुवातीला थोडी घट्ट असते. पहिली पेटी-दोन पेट्या जड काडतुसांची टाकली की ती मोकळी होते. त्यानंतरही अडली, तर आधी जास्तीचं तेल पुसा, मग काडतूस बदला, मग गनस्मिथकडे जा.

पॅटर्नची चाचणी. पॅटर्न प्लेटवर (छरे कसे पसरतात ते दाखवणाऱ्या पाटीवर) ३० यार्डांवरून बार टाका आणि सगळ्यात दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढा. वर्तुळात कबुतराच्या अंगाएवढी मोकळी भोकं दिसली, तर त्या काडतूस-चोकच्या जोडीने त्या अंतरावर पक्षी मारू नका. वर्तुळ मणी जिथे धरला होता तिथून सतत एकाच बाजूला सरकत असेल, तर टप्पा ६ कडे परत जा.

## टप्पा १०: लपणातली शिस्त

ओव्हर-अंडर मधून उघडली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसतं. सेमी-ऑटोचं तसं नाही, म्हणून ते दाखवून देण्याची जबाबदारी तुमची.

भरताना नळी सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोल्ट मागे. पहिलं काडतूस चेंबरमध्ये ठेवा, बटण दाबून बोल्ट पूर्ण जोराने बंद होऊ द्या आणि मग खालून मॅगझिनमध्ये दोन भरा. आवाज होऊ नये म्हणून बोल्ट हाताने हळूच पुढे नेणं ही नेहमीची चूक आहे. फिरत्या डोक्याचा बोल्ट अशाने पूर्ण बसत नाही. कबूतर समोर येतं, चाप दाबता आणि नुसतं ‘टक्’ होतं. असं झालं तर बंदूक सुरक्षित दिशेला धरून काही वेळ थांबा आणि मगच बोल्ट मागे ओढा.

रिकामी करताना आधी मॅगझिन, मग चेंबर. आत नुसतं बघू नका, बोट घालून चाचपा, कारण मॅगझिनमध्ये दडलेलं काडतूस डोळ्याला दिसत नाही. कुंपण ओलांडताना, गाडीजवळ जाताना, शेतकरी बोलायला आला तेव्हा, प्रत्येक वेळी हे करा. बोल्ट मागे अडकवा आणि चेंबरमध्ये, ते रिकामं आहे हे दाखवणारा रंगीत फ्लॅग घाला.

लपणात दोघं असाल तर एका वेळी एकच जण बंदूक उचलेल आणि दुसऱ्याची रिकामी राहील. उजवीकडे बसलेल्याच्या अंगावर गरम टरफलं उडतात, त्याला चष्मा लावायला सांगा. दोन्ही बाजूंना काठ्या रोवून नळी फिरण्याची हद्द बांधून घ्या, विशेषतः पायवाट किंवा रस्ता जवळ असेल तर.

निघताना टरफलं वेचा. सेमी-ऑटो ती चार-पाच यार्डांवर फेकते, त्यामुळे उभ्या पिकात शोधायला वेळ लागतो. तेवढा वेळ राखून ठेवा. जखमी पक्षी असेल तर नवीन पक्ष्यावर बार टाकण्याआधी त्याला शोधा आणि संपवा.

घरी आल्यावर बंदूक कपाटात ठेवण्याआधी नळी पुसा. गॅसची असेल तर पिस्टन काढून काजळी घासा, पुसा आणि तेलाचा हात जेमतेम फिरवा. जास्त तेलावर काजळी बसून चिकट थर होतो. पावसात भिजली असेल तर पुढचा भाग आणि नळी सुटी करून रात्रभर वाळू द्या, पण हे सुटे भागही बंद कपाटातच. उभी ठेवताना शक्यतो नळीचं तोंड खाली ठेवा, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. हंगामाच्या शेवटी दस्त्यातली स्प्रिंग गनस्मिथकडून उघडून घ्या आणि सीलच्या रिंगांचा एक जादा संच पिशवीत ठेवा.